पालकाच्या वाफ्यातली मेंढरं

मायाप्पाची मेंढरं आली तेव्हा दिवस कलला होता आणि मी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. आधी पाणंदीत धूळ दिसली, मग कळपाचा गलका ऐकू आला, मग दोन कुत्री आली आणि सगळ्यांच्या मागून घोड्यावर बिऱ्हाड लादून मायाप्पाची बायको बनाबाई. आमचे मामा, म्हणजे माझे सासरे ज्ञानू माळी, दुपारपासून बांधावर उभे होते. एरवी दारात पाहुणा आला तरी हातातलं खुरपं खाली न ठेवणारा माणूस, पण त्या दिवशी धुतलेला सदरा घालून, पटका बांधून वाट बघत होता.

"मामा, मेंढरं यायच्यात का नवरी?" मी त्यांना चिडवलं. मला चिडवायची सवय होती आणि त्यांना ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची. त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "तुज्याच पोरासाठी आणवल्यात." मला पाचवा महिना होता.

मायाप्पा दरवर्षी दिवाळी झाली की माणदेशातून खाली उतरायचा आणि जाता जाता आमच्या रानात मेंढरं बसवायचा. बसवायची म्हणजे रात्री मोकळ्या रानात जाळीचं कुंपण करून त्यात कळप कोंडायचा. सकाळी सगळं रान लेंड्यांनी भरलेलं असायचं. त्याच्या बदल्यात आम्ही त्याला ज्वारी द्यायची आणि मुक्काम असेतोवर संध्याकाळची भाकरी-कालवण आमच्याकडून. मामांच्या वडिलांपासून हे असंच चालत आलेलं. मामा आणि मायाप्पा दोघेही पोरं असल्यापासून एकमेकांना ओळखत होते. बाराही महिने शेजारी राहणाऱ्या भावकीपेक्षा वर्षातून थोडे दिवस येणारा मायाप्पा मामांना जवळचा होता, आणि भावकीला हे ठाऊक असल्यामुळे ती जळायची.

मायाप्पा नेहमीच्या सवयीने कळप वरच्या रानाकडे वळवायला लागला. मामांनी त्याला थांबवलं.

"औंदा वर नगं. वड्याकडच्या पट्टीत बसीव."

मायाप्पा बघतच राहिला. ओढ्याकडची पट्टी म्हणजे आमची भाजीची बाग. तिथे मामा पालक, चाकवत, शेपू, राजगिरा करायचे. त्या वाफ्यांत मेंढरू तर सोडाच, चप्पल घातलेल्या माणसालाही उतरू देत नसत. आणि त्या वेळी पालक तिथे उभा होता. गुडघ्याएवढा वाढून तुऱ्यावर आला होता, पण हिरवागार.

"भाजी उभी हाय की, ज्ञानबा."

"असू दे. खाऊ दे त्यास्नी."

मग बांधावर बसून मामांनी त्याला सगळं सांगितलं. मामांनी काही लपवलं नाही, हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे गावात लोक वाटेल ते बोलले.

आमच्या रानाच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी पत्र्याची एक शेड होती. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून त्यांतलं शिसं वितळवत. धूर आमच्याकडे यायचा, घसा खवखवायचा, आम्ही नाकाला पदर लावायचो आणि कामाला लागायचो. घाण पाणी ओढ्यात, आणि ओढ्याचं पाणी आमच्या वाफ्यांत. पुढे ते काम बंद पडलं. मालक राखेचा एवढा मोठा ढीग मागे टाकून कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही. पावसाळ्यात ओढा फुगला की ती राख वाहत आमच्या पट्टीत येऊन बसायची. काळी, मऊ माती बघून मामा म्हणायचे, वड्यानं फुकट गाळ दिला.

माझ्या पोटात दोनदा राहिलं आणि दोनदाही गेलं. तिसऱ्या खेपेला शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी, रान कुठे, पाणी कुठलं, सगळं खोदून खोदून विचारलं आणि रक्त तपासायला पुण्याला पाठवलं. रक्तात शिसं निघालं. शिसं म्हटल्यावर मला शाळेतली शिसपेन्सिल आठवली. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि माझा नवरा हणमंता, जो घरात वर्षाकाठी एकदा हसायचा, तो भर दवाखान्यात हसला. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. रानातला पाला तोंडात घालायचा नाही, त्या मातीत पाय टाकायचा नाही, एवढं त्यांनी बजावलं.

त्यांच्याच ओळखीने कृषी कॉलेजच्या तांबोळी मॅडम आल्या. पिशव्यांतून माती नेली, पाला नेला आणि काही दिवसांनी स्वतः येऊन आमच्या ओट्यावर बसून समजावून सांगितलं. शिसं मातीतून निघून जात नाही. पालेभाजी ते वर ओढून घेते, त्यातही पालक आणि चाकवत जास्त. वांगी, भेंडी यांच्या फळात ते कमी उतरतं. फुलं लावली तर सगळ्यांत बरं. मामांनी विचारलं, मग ह्या मातीला औषध काय? मॅडम म्हणाल्या, चांगलं कुजलेलं शेणखत, लेंडीखत भरपूर घालत राहा. खत शिशाला मातीतच धरून ठेवतं, मग झाड कमी उचलतं. पण हे हळूहळू होतं, वर्षानुवर्षं चालतं, आणि पाला तपासल्याशिवाय तोंडात घालायचा नाही.

मामांनी ऐकलं सगळं, पण मनात धरलं एकच. खत शिशाला धरून ठेवतं. त्याच आठवड्यात ते बाजारात गेले आणि आपल्या बांधलेल्या गिऱ्हाइकांना, ज्यांना त्यांच्या पालकाशिवाय दुसऱ्याचा चालत नव्हता त्या बायकांना, ह्यापुढं माझी भाजी घेऊ नका असं स्वतःच्या तोंडाने सांगून आले. घर हणमंताच्या गॅरेजच्या पगारावर चालायला लागलं. पण उभा पालक उपटून टाकायला मामांचा हात धजत नव्हता. सकाळी खुरपं घेऊन जायचे, वाफ्याच्या कडेला बसायचे आणि तसेच परत यायचे. मला मात्र रोज सांगायचे, "पोर रांगायला लागायच्या आत पट्टी सुदारतो बघ. ह्याच मातीत खेळलं पायजे ते."

हे सगळं मायाप्पाने शांतपणे ऐकून घेतलं.

"मानसानं खायचं न्हाई म्हनत्यात," मामा म्हणाले. "जनावराचं काय त्या बोलल्या न्हाईत. तुजा तू इचार कर."

मायाप्पा हसला. "अरं, मेंढराचं नाक मानसापरास शानं. इखारी पाल्याला त्वांड लावील का ते? कण्हेरीतनं कळप न्हेतो म्या, एक पान खात न्हाईत. काय वंगाळ असलं तर खायाची न्हाईत, झालं."

मेंढरं वाफ्यांत उतरली आणि तुटून पडली. त्यांना खाताना बघून मामांचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी त्यांची भाजी कुणीतरी आवडीने खात होतं. त्या रात्री ते मायाप्पाबरोबर दोन भाकरी जास्त जेवले आणि मायाप्पाच्या जुन्या घोड्याची एक गोष्ट, जी मी लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी ऐकत होते, ती पुन्हा सांगितली.

पुढचे काही दिवस आमच्या घरात सणासारखे गेले. मामा पहाटे उठून पट्टीत जायचे आणि पडलेल्या लेंड्या कुदळीने मातीत मिसळायचे. मॅडमनी कुजलेलं खत सांगितलंय याची मी त्यांना आठवण करून दिली. ते म्हणाले, मातीत कुजंलच की, कुठं जातंय. दिवसा मायाप्पा कळप ओढ्याच्या काठाने फिरवायचा. जरा चारापाणी करून पुन्हा वाफ्यांत. बनाबाई माझ्याजवळ येऊन बसायची. माझं पोट बघून तिने पोरगीच होणार असं सांगून टाकलं, आणि मी मुलगा हवा म्हटलं असतं तर माझ्याशी भांडली असती. मी म्हटलं, काहीही होऊ दे, फक्त राहू दे. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग ती ओढ्याकाठची कोकरं ओट्याशी आणून दाखवायची. नुकती जन्मलेली कोकरं पाटीखाली झाकून ठेवलेली असायची, ती काढून माझ्यासमोर सोडायची. ती उड्या मारताना बघून मला उगाचच रडू यायचं, आणि ती मला हसायची.

मग एका सकाळी तिला एक कोकरू आईला लुचताना दिसेना. आई समोर उभी होती, आणि ते दुसरीकडेच तोंड करून हवेत चुपचुप करत होतं. तिने त्याला उचलून सडाशी लावलं. थोडं प्यालं, सोडल्यावर पुन्हा भलतीकडेच गेलं आणि जाळीला जाऊन धडकलं. दुपारपर्यंत तसं करणारी आणखी कोकरं निघाली. एक तर बांधाला डोकं टेकवून उभं राहिलं ते हलेचना. मायाप्पाने त्याच्या डोळ्यांसमोर हात नाचवला. डोळे उघडे होते, पण पापणी हलली नाही.

मायाप्पाला आधी डोळ्यांची साथ वाटली. मग त्याने देवाचा भंडारा लावला. मोठ्या मेंढ्या दात खायला लागल्या, एकाच जागी गोल गोल फिरायला लागल्या, तेव्हा मात्र त्याने भंडारा बाजूला ठेवला. हणमंता मोटारसायकलवरून जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टरांनी मेंढ्या बघितल्या, काय खाल्लं विचारलं, आणि मामांनी बॅटऱ्यांपासून पुन्हा सगळं सांगितलं. डॉक्टर ओढ्याकाठाने वर गेले. परत आले तेव्हा त्यांच्या हातात राखेचं एक ढेकूळ होतं. ते म्हणाले, मेंढ्या ही चाटतात, हिची चव त्यांना आवडते. शिवाय पालक मुळासकट उपटून खाल्लाय, मुळाला ही सगळी माती. शिसं अंगात गेलंय. मायाप्पाने विचारलं, वासानं कसं कळलं न्हाई? डॉक्टर म्हणाले, त्याला वास नसतो.

मायाप्पा खाली बसला. जन्मभर ज्या नाकावर त्याचा भरवसा होता, त्या नाकाने दगा दिला होता.

डॉक्टरांनी जमेल तेवढी औषधं दिली. काही मेंढ्या सावरल्या. कोकरं बहुतेक गेली. आणि गाभण मेंढ्यांनी गाभ टाकायला सुरुवात केली. मी ओट्यावर उभी होते. जाळीजवळ बनाबाई काहीतरी उचलत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पटकन पदर पुढे ओढून ते झाकलं. पण मला दिसायचं ते दिसलं होतं. मी आत जाऊन दोन्ही हात पोटाशी धरून भिंतीला टेकून बसले. माझं आत हलत होतं. ते हलायचं थांबू नये म्हणून मी हलले नाही.

मामांनी एकट्याने खड्डा खणला. आमच्या पट्टीत नाही, वर माळावर, जिथे राख पोचत नाही तिथे. मायाप्पा मदतीला गेला तर त्यांनी त्याला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मायाप्पाने कळप हलवायचं ठरवलं. मामांनी ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त ज्वारी पोत्यात भरली होती. मायाप्पाने पोत्याकडे बघितलंही नाही. मामा त्याच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले.

"मला शिव्या दे, मायाप्पा. चार शिव्या दिऊन जा."

"तू सांगितलं हुतंस की रं मला," मायाप्पा म्हणाला. "म्याच म्हनलो, वंगाळ असलं तर खायाची न्हाईत." एवढं बोलून त्याने कुत्र्यांना हाक मारली. बनाबाई मात्र घोड्याचा लगाम त्याच्याकडे देऊन माझ्याकडे आली. माझी हनुवटी हातात धरून म्हणाली, "शालन, हितं बाळंत हू नगंस." आणि उत्तराची वाट न बघता निघाली. पाणंदीच्या वळणावर कळप दिसेनासा झाला तरी मामा बांधावर उभे होते. मायाप्पा त्यानंतर आमच्या वाटेने कधीच आला नाही. दोन गावं पलीकडून वळसा घालून तो कळप नेतो, असं पुढे कुणीतरी सांगितलं.

त्या दिवशी मामा जेवले नाहीत. मी हणमंताला म्हटलं, जाऊन बघा जरा. तो गेला, आणि मामांच्या शेजारी बसून तोही गप्प राहिला. दोन मुके एका जागी बसवल्यासारखं झालं, म्हणून शेवटी मीच गेले. मामा गोठ्याच्या उंबऱ्यावर बसले होते. माझ्याकडे न बघता त्यांनी हणमंताला सांगितलं, "उद्याच शहरात खोली बघ. हिला घिऊन जा."

हणमंता म्हणाला, "तुमी एकलं कसं ऱ्हाशीला?"

"माजं नगं सांगू. हिला घिऊन जा."

मी म्हटलं, "मामा, तुमीच म्हनला हुता की, पट्टी सुदारतो. मॅडमनी पण सांगितलंय, खतानं कमी हुतंय. लगेच न्हाई, पण हुतंय. मी न्हाई जात कुठं."

ते उंबऱ्याजवळची माती काडीने कोरत राहिले. मग म्हणाले, "तुला पयल्यांदा दिवस गेलं तवा डागदरीण म्हनली, रगत कमी हाय. ध्येनात हाय तुज्या?"

मला आठवत होतं.

"मग म्या काय केलं? रोज सकाळी दव असताना कवळा पालक खुडून आनायचो. वड्याजवळच्या वाफ्यातला. तितला सगळ्यात काळा, त्येच्यात जास्त रगत म्हनून. बाजारात न्हेत नव्हतो त्यो. तुज्यासाठीच राखून ठेवला हुता." काडी मोडून त्यांनी बाजूला टाकली. "दुसऱ्या येळंला तर तुला नगं वाटायचा, ओकारी यायची. म्या समोर बसून खायला लावायचो. आत्ता त्या मेंढ्यांकडं बघितलं, आन् सारं ध्येनात आलं माज्या."

मी पुढे होऊन त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक होतं, मामा. कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि पोरं गेली ती पालकानेच गेली असं डॉक्टरीणबाईही म्हणाल्या नाहीत. धूर होता, पाणी होतं, माझं नशीब होतं. मी पुष्कळ बोलले. मला बोलता येतं, पण त्या दिवशी माझ्या बोलण्याचा त्या माणसाला काडीचाही उपयोग झाला नाही. हणमंता उठून बाहेर गेला. तो विहिरीकडे तोंड करून रडत होता, ते मला पाठीवरून कळलं.

आम्ही शहरात खोली केली. चैत्रात मला मुलगी झाली, पुऱ्या दिवसांची, रडून दवाखाना डोक्यावर घेणारी. आता ती कॉलेजात जाते आणि तिचा तोंडाळपणा माझ्यावरच गेलाय असं सगळे म्हणतात. तिचं नाव आम्ही तनुजा ठेवलं. बारशाला मामा आले, पण पाळण्यापासून लांब, दाराशी बसले.

ते पट्टीतच राहत होते. भाजी सोडली, झेंडू लावला. पण खत घालायचं त्यांनी सोडलं नाही. लांबच्या गोठ्यांतून शेणखत आणायचे, वर्षभर कुजवायचे आणि पट्टीत टाकायचे. मधूनच एका कोपऱ्यात मूठभर पालक पेरायचे, तो मॅडमकडे तपासायला पाठवायचे आणि उरलेला पुरून टाकायचे. पाल्यातलं शिसं खरंच उतरत होतं. एकदा मॅडमचा निरोप आला की पहिल्यापेक्षा निम्म्यावर आलंय, पण लेकरांना देण्यासारखं अजून नाही. तो निरोप ऐकून मामा म्हणाले, चला, धरतंय की खत. आणि पुन्हा बैलगाडी जुंपली.

ते दर रविवारी आमच्याकडे यायचे. खोलीबाहेर नळ होता. त्या नळावर ते आधी हात धुवायचे, मग कोपरापर्यंत वर, मग पाय, मग पुन्हा हात. नखं काडीने कोरायचे. शेजारच्या बायकांना वाटायचं, म्हातारा फार सोवळ्याचा आहे. एवढं करून आत येऊन बसले की तनू त्यांच्याकडे रांगत जायची आणि त्यांच्या गुडघ्याला धरून उभी राहायची. मामा तिच्याशी बोलायचे, तिला हसवायचे, तोंडाने मेंढराचा आवाज काढून दाखवायचे. हात मात्र दोन्ही मागे, पाठीशी धरलेले.

एकदा मला राहवलं नाही. मी पोरीला उचललं आणि सरळ त्यांच्या मांडीवर ठेवायला गेले. ते चटकन उठून उभे राहिले, भिंतीला पाठ लावून.

"धुतलेत की हात, मामा. मी बघितलंय धुताना. साबण लावून धुतलेत."

"भेगा हायती गं पोरी," ते म्हणाले. "आतली माती निगत न्हाई."

तनू त्यांच्याकडे दोन्ही हात पसरून मला लाथा मारत होती. मामा तिच्याकडे बघून हसत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायलाही त्यांनी हात पुढे काढला नाही. तनू शाळेत जायला लागली त्या वर्षी मामा गेले. तोवर त्यांनी तिला एकदाही उचलून घेतलं नाही.